आधी मोजा, मग वाजवा!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख सबवूफरच्या विरोधात नाही. मी स्वतः बेस गिटार वाजवतो. त्यामुळे 'धुम्म' या आवाजावर माझं प्रेम तुमच्यापेक्षा काकणभर जास्तच असेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कॉलेजातल्या निदान चार-पाच जणांनी घरी स्टुडिओ थाटलेला मी पाहिला, आणि सगळ्यांची खरेदीची यादी अगदी ठरलेली. लॅपटॉप असतोच. मग ऑडिओ इंटरफेस, मग एक माईक, मग पाच इंची स्पीकरची जोडी. आणि गाणं 'बाहेर' नीट वाजत नाही असं लक्षात आलं, की थेट सबवूफर! त्यासाठी कोणी सुट्टीत शिकवण्या घेतो, कोणी इंटर्नशिपचा सगळा स्टायपेंड ओततो, कोणी आईला "आई, अभ्यासासाठीच आहे गं" असं पटवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दहा बाय बाराच्या खोलीत सबवूफर ही शेवटची खरेदी असावी. पहिली खरेदी मेजरिंग टेप. हसू नका! आपण इंजिनिअर आहोत (निदान होणार आहोत, केट्या सुटल्या तर), म्हणून गणितानेच सांगतो.

खोली नावाचं वाद्य

आवाजाचा वेग आपल्याकडच्या हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरू. एक हजार हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी झाली साडेचौतीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम फूटपट्टीएवढी. पण ५० हर्ट्झची? सहा मीटर नव्वद सेंटिमीटर. जवळजवळ साडेबावीस फूट! आता साडेबावीस फुटांची लाट बारा फुटांच्या खोलीत कोंबली तर काय होणार? ती भिंतीवर आपटून परत फिरणार, येणाऱ्या लाटेत मिसळणार आणि खोलीत एक स्थिर लाट उभी राहणार. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण रेझोनन्स ट्यूबचं प्रॅक्टिकल करतो ना, तेच हे. फक्त इथे ट्यूबच्या आत आपण खुर्ची टाकून बसलेलो असतो.

सूत्र सोपं आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर दुप्पट करा आणि आवाजाच्या वेगाला त्याने भागा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर साधारण ५७. छत साडेनऊ फुटांवर असेल तर साडेएकोणसाठ. शिवाय या प्रत्येकाची दुप्पट, तिप्पट वगैरे मंडळी आहेतच. म्हणजे आपली टिपिकल बेडरूम ४७, ५७ आणि साठच्या अलीकडे स्वतःच वाजायला टपलेली असते. त्यातले ५७ आणि साडेएकोणसाठ तर इतके जवळ, की त्या पट्ट्यात खोली डबल जोरात घुमते. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली चौकोनी खोली सगळ्यात वाईट का, ते यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

या लाटा दिसत नाहीत म्हणून विश्वास बसत नाही. एक उदाहरण देतो. पाण्याने भरलेली परात उचलून मोरीपर्यंत नेताना पाणी हिंदकळतं. कडेचं पाणी वर-खाली होतं, मधलं मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतं. खोलीतला हवेचा दाबही पहिल्या रेझोनन्सला असाच हिंदकळतो. भिंतीशी सगळ्यात जास्त, बरोबर मध्यावर जवळपास शून्य. त्यामुळे बारा फुटांच्या खोलीत भिंतीपासून सहा फुटांवर खुर्ची मांडून तुम्ही मिक्सिंगला बसलात, तर तिथे ४७ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही. मग काय करणार? बेस कमी वाटतो म्हणून बेस वाढवणार. तेच गाणं कोणाच्या गाडीत लावलं, की दारं थरथरतात. मग आपण गाडीवाल्याला नावं ठेवतो!

आरोपी नंबर एक : बेसिस्ट

याची झळ मला स्वतःला बसली आहे, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. आमच्या बँडचं रेकॉर्डिंग एका मित्राच्या फ्लॅटमधल्या अशाच खोलीत चालतं. तिथे टेक झाला की ठरलेली तक्रार, "अरे, तू काही सूर जोरात मारतोस आणि काही अगदीच मिळमिळीत." गिटारवाला म्हणणार बोटात ताकद नाही, ड्रमर म्हणणार रियाज नाही. एकदा तर माझ्याऐवजी बेस सरळ कीबोर्डवर वाजवून घेऊ, असा प्रस्तावही आला. शेवटी मी इंटरफेसमध्ये थेट केबलने घेतलेलं माझंच रेकॉर्डिंग स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. सगळ्या सुरांची उंची सारखी! मग लॅपटॉपवर टोन जनरेटर लावला. ४० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ चढत गेलो आणि सगळ्यांना खोलीत फिरायला सांगितलं. ४७ ला दाराशी उभा असलेला ड्रमर म्हणाला, "बापरे, केवढा मोठा!" आणि मधल्या खुर्चीत बसलेला गिटारवाला विचारत होता, "चालू केलंस का?"

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली तर ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. त्यावर दोन पट्ट्या चढलं की ४६, पाचव्या पट्टीवर ५५, सहाव्यावर ५८. म्हणजे माझे अर्धे सूर नेमके खोलीच्या तडाख्यात सापडत होते. वाजवणारा मी, वाजत होती खोली, आणि शिव्या मला. अशा खोलीत कितीही भारीतला सबवूफर आणून ठेवा, तो हाच गोंधळ आणखी जोरात ऐकवणार. नाही का?

तबलावाल्यांनाही हे लागू आहे बरं का. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा चढत-उतरत जातो. तो खोलीच्या एखाद्या रेझोनन्सवरून गेला, की मध्येच फुगतो आणि पुढे गेल्यावरही मागे रेंगाळतो. ऐकणाऱ्याला वाटतं हात साफ नाही.

"मग इक्वलायझर कशाला आहे?"

हा प्रश्न ईअँडटीसीवाले हमखास विचारतात. उत्तर अर्धं 'हो' आणि अर्धं 'नाही' असं आहे. जिथे आवाज फुगतो तिथे इक्वलायझरने कापता येतो, आणि तेवढ्या एका जागेपुरता चांगला उपयोगही होतो. पण जिथे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, तिथला खड्डा इक्वलायझरने भरत नाही. तुम्ही आवाज वाढवला की सरळ येणारी लाट वाढते, आणि तिला मारणारी परतीची लाटही तेवढीच वाढते. हिशेब पुन्हा शून्यावर. शिवाय १० डेसिबल वाढवायचे म्हणजे दहापट पॉवर. पन्नास वॅटच्या जागी पाचशे वॅट! अँप्लिफायर तापतो, स्पीकरचा कोन धापा टाकतो आणि खड्डा तिथेच हसत बसतो.

त्यापेक्षा खुर्ची दीड फूट मागेपुढे सरकवा. हा उपाय फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

अंड्याचे ट्रे आणि फोम

आता दुसरा गैरसमज. भिंतीवर अंड्याचे ट्रे किंवा दोन इंची फोम चिकटवला की स्टुडिओ झाला! फोटो छान येतो हे मान्य. पण फोम काम करतो तो हवेच्या हालचालीला अडवून, आणि भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही. ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. एक हजार हर्ट्झला ते अंतर साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे फोमच्या जवळपास. ५० हर्ट्झला मात्र पावणेदोन मीटर! दोन इंच कुठे आणि पावणेदोन मीटर कुठे. त्यामुळे असा फोम फक्त वरचे सूर पितो, खालचे तसेच सोडतो, आणि खोली आधीपेक्षा जास्त कोंदट वाटू लागते. ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. त्यांची ऑम्लेटपुरतीच मदत होते.

त्यातून आपण पुस्तकं वाचतो ती बहुतेक अमेरिकेतली. तिकडच्या बऱ्याच घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. ते बोर्ड स्वतःच थरथरतात आणि बेस खातात. ध्वनिशास्त्राच्या नेहमीच्या तक्त्यांत अशा भिंतीचं शोषण १२५ हर्ट्झला सुमारे ३० टक्के दिलेलं असतं, तर विटांच्या भिंतीचं जेमतेम ३ टक्के. आपल्या घरी वीट, सिमेंटचा गिलावा, वर-खाली आरसीसीचा स्लॅब आणि पायाखाली चकचकीत टाइल्स. बेसला वाईट! तिकडचा माणूस "कोपऱ्यात दोन ट्रॅप पुरेत" म्हणाला, तर तो त्याच्या भिंतींबद्दल बोलतोय, आपल्या नाही.

आपल्याकडे उपयोगी पडतं ते जाडीचं सामान. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड थर, कापडात नीट शिवलेले (उघडे ठेवू नका, अंगाला खाज सुटते). तेवढं बजेट नसेल तर माळ्यावर पडलेल्या जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा. ५० हर्ट्झला त्या फारशा पुरणार नाहीत, पण त्याच्या बऱ्याच वरच्या बेसला आणि मधल्या सुरांना फरक पडतो. दारं-खिडक्या उघडूनही ऐकून बघा.

आणि गाद्या म्हणजे काही जुगाड नव्हे हं! १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एका लेक्चर हॉलचा घुमणारा आवाज सुधारायचं काम दिलं गेलं. त्याने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळच्या आत सगळं परत जागेवर! याच मोजमापांतून पुढे त्याचं रिव्हर्बरेशनचं प्रसिद्ध सूत्र निघालं, आणि १९०० साली सुरू झालेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधला गेला. आपल्याकडे घड्याळापेक्षा कितीतरी भारी साधनं आहेत. रूम ईक्यू विझार्डसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक मोजणीचा माईक चार मित्रांत मिळून घेता येतो. तरी मोजतो कोण?

शेजारी नावाचा श्रोता

मला जास्त टोचतो तो मुद्दा वेगळाच आहे. सबवूफर आपण घेतो, पण ऐकतात खालच्या मजल्यावरचे आजोबा. भिंतीच्या वजनाचा साधा नियम लावला तर फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची क्षमता सहा डेसिबलने घटते. म्हणजे ५०० हर्ट्झच्या मानाने ५० हर्ट्झला तीच भिंत सुमारे वीस डेसिबल कमी अडवते. वर सबवूफर थेट फरशीवर ठेवला, तर स्लॅबमधून थरथर वेगळी जाते. त्यांना आपलं गाणं ऐकू येत नाही. फक्त 'धब्-धब्' ऐकू येतं, आणि तेही रात्री साडेअकराला.

"पण आपला आवाज नियमात बसतो" असं म्हणणारे हुशारही आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे डेसिबल 'ए' वेटिंगचे आहेत. हे वेटिंग ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा करतं, कारण हळू आवाजाला आपला कान तिथे तेवढाच मंद असतो. म्हणजे ५० हर्ट्झचा ७५ डेसिबलचा एकसारखा सूर मीटरवर ४५ दिसणार! कागदावर सगळं आलबेल. पण बंद खोलीत, रात्रीच्या शांततेत, दुसरं काहीच वाजत नसताना हा ७५ डेसिबलचा घुमणारा सूर डोक्यावर येऊन बसतो. वर खोलीचा रेझोनन्स त्यांच्याकडेही आहेच की. त्यांचीही बेडरूम दहा बाय बाराचीच, कारण प्लॅन तोच! त्यांचा पलंग भिंतीला लागून, म्हणजे परातीच्या कडेला. आपल्याला खुर्चीत जो बेस ऐकू येत नाही म्हणून आपण वाढवतो, तो त्यांच्या उशाशी जास्तीत जास्त असतो.

गणपतीत डीजेच्या भिंतींना नावं ठेवणारे आपण, वर्षभर स्वतःच्या घरात एक छोटी भिंत उभी करणार असू, तर बोलायचा हक्क कुठे उरतो?

मग सबवूफर घ्यायचाच नाही का?

घ्या ना. सबवूफरची बाजूही मांडतो. पाच इंची स्पीकर पन्नास-पंचावन्नच्या खाली दम सोडतात. फिल्मचं काम करायचं असेल, इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं असेल, तर खालचा सप्तक ऐकल्याशिवाय भागत नाही. आणि एक फायदा खरंच मोठा आहे. स्पीकर कुठे ठेवायचे ते स्टिरिओ ठरवतं, पण साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला नीट कळत नाही. म्हणून सबवूफर खोलीला सोयीच्या जागी ठेवता येतो.

ती जागा शोधायची कशी? सबवूफर उचलून आपल्या खुर्चीवर ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवा आणि आपण खुर्चीत जा. घरचे वेड्यात काढतील, काढू दे. नेटवर्क थिअरीतली रेसिप्रॉसिटी आठवते का? सोर्स आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच. परीक्षेत चार मार्कांना येते ती इथे खरोखर उपयोगी पडते!

बजेट असेल तर एका मोठ्यापेक्षा दोन छोटे सबवूफर घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. त्या दिशेच्या पहिल्या रेझोनन्सला दोन टोकांचे दाब एकमेकांच्या उलट असतात. दोन्हीकडून सारखा धक्का दिला की तो रेझोनन्स उभाच राहत नाही. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये किती सबवूफर पुरेत यावर पेपर मांडला होता. कुठल्या मांडणीने सगळ्या खुर्च्यांवर सारखा बेस मिळतो, याचा अभ्यास त्यात आहे.

आणि ज्यांच्याकडे एकही नाही त्यांनी खट्टू होऊ नये. यामाहाचे एनएस-१० नावाचे पांढऱ्या कोनचे छोटे स्पीकर १९७८ साली आले. बेसच्या बाबतीत ते तसे कंजूषच. तरी पुढची दोन दशकं जगभरच्या स्टुडिओंत गाजलेली गाणी त्यांच्यावर मिक्स झाली. कारण त्यांचा आवाज पटकन थांबायचा, शेपूट राहायचं नाही. शिवाय आपला मेंदू वरच्या हार्मोनिक्सवरून खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६० हर्ट्झ येत नाही, तरी बेसची धून ओळखू येते ती त्यामुळेच. तेव्हा बेसच्या वरच्या सुरांवर मेहनत घ्या, हेडफोनवर ताळा करून बघा आणि रोज एकाच हळू व्हॉल्यूमवर ऐकायची सवय लावा.

थोडक्यात काय, तर क्रम असा : खोली मोजा, तीन आकडे वहीत लिहा, खुर्ची सरकवा, स्पीकर सरकवा, कोपरे भरा, पुन्हा मोजा, खालच्या मजल्यावर जाऊन एकदा स्वतःच्या कानांनी ऐका, आणि मग पैसे उरले तर सबवूफर. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक पायरीचा विषय आपल्या सिलॅबसमध्ये कुठे ना कुठे आहे. मेकॅनिकलला व्हायब्रेशन आहे, ईअँडटीसीला फूरिए आहे, सिव्हिलला तर बिल्डिंग अकूस्टिक्सच आहे. तरी फायनल इयरला "प्रोजेक्टला विषय मिळत नाही" म्हणून आपण रेडीमेड किट शोधत फिरतो. आपल्याच हॉस्टेलच्या रूमचं मोजमाप हा काय वाईट विषय आहे? तीन ब्रँच मिळून करता येईल, आणि शेवटी निदान एक खोली तरी ऐकण्यासारखी होईल.

टेप नसेल तर सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमधून मागून आणा. आणि हो, वेळेत परत करा. फाईन माझ्या नावावर लागतो.